बोंबलाला वास येतो, पण तो ‘ॲरोमॅटिक’ नाही

पावसाळा सरला की वाढवण, वरोर, धाकटी डहाणू या किनाऱ्यावरच्या गावांत बांबूच्या वलांड्या पुन्हा उभ्या राहतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या दोरीवर टांगल्या जातात आणि खारा वारा त्यांचं पाणी शोषून घ्यायला लागतो. बाहेरगावचा पाहुणा गाडीची काच वर करतो. गावातल्या माणसाला तो वास जाणवतच नाही. जाणवला तर मासळी लागली, एवढाच त्याचा अर्थ.

वाढवणचं नाव अलीकडे महाराष्ट्रभर झालं ते बंदरामुळे आणि त्यावरून पेटलेल्या वादामुळे. तो वाद इथे बाजूला ठेवू. इथे विषय त्या वासाचा आहे, किंवा खरं तर वासाच्या नावाखाली रसायनशास्त्राने करून ठेवलेल्या एका घोळाचा.

समुद्री मासळीच्या ओळखीच्या वासामागे मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन नावाचं द्रव्य असतं. नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला तीन बाजूंनी चिकटलेले कार्बनचे तीन छोटे तुकडे, इतकाच त्याचा संसार. नाकाला तो कितीही झोंबला तरी रसायनशास्त्राच्या वहीत हा रेणू ‘ॲरोमॅटिक’ नाही. उलट औषधाच्या दुकानातली पॅरासिटामॉलची गोळी चुरडून हुंगा. वास जवळपास नाहीच, आणि तरी ती अस्सल ॲरोमॅटिक. अकरावी-बारावीची मुलं इथेच पहिली ठेच खातात. ‘अरोमा’ म्हणजे सुगंध, म्हणून ॲरोमॅटिक म्हणजे सुवासिक, असं गृहीत धरून ती पुढे जातात आणि मग नियम पाठ करण्यावाचून त्यांच्या हाती काही उरत नाही.

या शब्दाचा जन्म मात्र खरोखर नाकाशीच झाला. त्याची सुरुवात लंडनमध्ये झाली आणि गंमत म्हणजे तिथेही समुद्राचंच तेल होतं. १८२५ साली मायकेल फॅरडेसमोर एक तेलकट गाळ आला. त्या काळी व्हेल आणि माशांचं तेल तापवून दिव्यांसाठी गॅस बनवत आणि तो दाबून लोखंडी टाक्यांत भरून घरोघर पोचवत. टाक्यांच्या तळाशी जो द्रव साचे, त्यातून फॅरडेने एक स्वच्छ, बिनरंगी पदार्थ वेगळा काढला. तेच आज ज्याला बेंझीन म्हणतात ते. पुढे १८३०च्या दशकात जर्मनीत मिट्शरलिखने तोच पदार्थ वेगळ्याच वाटेने मिळवला. बेंझोइक आम्ल चुन्यासोबत तापवून.

आणि हे बेंझोइक आम्ल यायचं कुठून? उदातून. बाळ-बाळंतिणीला धुरी देताना निखाऱ्यावर टाकतात तो ऊद, दर्ग्यात जळतो तो लोबान. सुमात्रा-जावाकडच्या झाडांची ही राळ अरबी व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, या नावाने विकत. युरोपात पोचेपर्यंत पुढचा ‘लु’ गळाला, उरलेल्याचं ‘बेंजुई’, ‘बेंझोइन’ झालं, आणि त्यातून ‘बेंझीन’ निघालं. रसायनशास्त्राच्या सगळ्यात प्रसिद्ध षटकोनाचं नाव असं देवघरातल्या धुपाटण्यातून गेलेलं आहे.

एकटं बेंझीनच नव्हे. निळीला संस्कृतात नीली म्हणतात. अरबीतून पोर्तुगीजांकडे ती ‘अनिल’ म्हणून गेली, आणि नीळ तापवून मिळालेल्या तेलाला १८४०च्या सुमारास ‘ॲनिलीन’ हे नाव पडलं. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून जो काथ काढतात, त्याला युरोपच्या बाजारात ‘कॅटेचू’ म्हणत. त्यातल्या द्रव्याचं ऊर्ध्वपातन करून १८३९ मध्ये जो पदार्थ मिळाला तो ‘कॅटेकॉल’. पालघर-रायगडच्या डोंगरांतल्या कातकरी समाजाचं नाव या काथावरूनच आलेलं आहे. घाबरल्यावर माणसाच्या छातीत जे धडधडायला लावतं ते ॲड्रेनलिन ‘कॅटेकॉलअमाइन’ या कुळातलं. म्हणजे जगभरचे डॉक्टर रोज जो शब्द उच्चारतात, त्याच्या मुळाशी खैराच्या झाडाखालची चूल आहे. आपल्याकडच्या पुस्तकांत हे का लिहीत नाहीत, कोण जाणे.

ऊद, बदामाचं तेल, दालचिनी, लवंग, व्हॅनिला अशा सुगंधी पदार्थांतून निघणाऱ्या कितीतरी रेणूंची ठेवण एकमेकांशी जुळते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षात येऊ लागलं. १८५५ मध्ये ऑगस्ट हॉफमनने या गोतावळ्यासाठी ‘ॲरोमॅटिक’ हा शब्द वापरला आणि तो चिकटला. पुढे या कुळात बिनवासाचे आणि घाण वासाचे सदस्यही येऊ लागले, तेव्हा नाव बदलायची वेळ निघून गेली होती. आडनाव कुलकर्णी म्हणून कोणी आज गावाचा हिशेब लिहीत नाही, तसंच हे.

मग या कुळाची खरी खूण कोणती?

बेंझीनमध्ये कार्बनचे सहा अणू आणि हायड्रोजनचेही सहाच. कार्बनला चार हात असतात असं शाळेत शिकवतात. त्या हिशेबाने सहा कार्बनच्या साखळीला चौदा हायड्रोजन लागायला हवेत. इथे आठ कमी आहेत, म्हणजे रेणू भुकेला असायला हवा. अशा भुकेल्या रेणूंची परीक्षा सोपी असते. ब्रोमीनचं तांबूस द्रावण टाकलं की ते क्षणात गिळून टाकतात आणि रंग उडतो. खाद्यतेलसुद्धा असा रंग उडवतं. बेंझीनमध्ये मात्र ब्रोमीन तसंच तांबडं राहतं. लोखंडाचा चुरा घालून मदत केली तर हा रेणू जेमतेम तयार होतो, आणि तेव्हाही ब्रोमीन पोटात घेत नाही. एक हायड्रोजन बाहेर काढतो आणि त्याच्या जागी ब्रोमीन बसवतो. कडं जसंच्या तसं.

१८६५ मध्ये केकुलेने सुचवलं की सहा कार्बन कड्यात बसले आहेत, आणि पुढे कड्यावर एकाआड एक दुहेरी बंध मांडले. पुढे १८९०च्या सत्कार समारंभात त्याने शेकोटीसमोरची डुलकी आणि शेपूट तोंडात धरलेला साप ही गोष्ट सांगितली, आणि शास्त्राच्या इतिहासात ती अशी पसरली की कल्पनेपेक्षा सापच मोठा झाला. पण सापाने भूक न लागण्याचं कोडं सुटत नव्हतं. तीन दुहेरी बंध असतील तर ब्रोमीनचा रंग का उडत नाही?

१९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल या तरुण संशोधिकेने बेंझीनच्या एका भाऊबंदाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवले आणि कडं मोजलं. ते सपाट होतं, नेमका षटकोन. कार्बनमधला एकेरी बंध ०.१५४ नॅनोमीटर लांब असतो, दुहेरी ०.१३४. बेंझीनमध्ये आखूड-लांब-आखूड-लांब अशी मापं यायला हवी होती. प्रत्यक्षात सहाही बाजू सारख्या, सुमारे ०.१३९. ना एकेरी, ना दुहेरी. पुस्तकातला एकाआड एक रेघांचा षटकोन हा कागदावरचा समझोता आहे. तसा रेणू अस्तित्वात नाही.

हे समजायला डहाणूच्याच मातीतलं एक चित्र उपयोगी पडतं. तलासरी तालुक्यात जन्मलेले आणि डहाणूजवळच्या गंजाडला आयुष्य काढलेले जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला घराच्या भिंतीवरून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांतला तारपा नाच सगळ्यांनी पाहिलेला असतो. मध्ये तारपावाला, भोवती एकमेकांना धरून वळसे घेणारी माणसांची साखळी. त्या साखळीत ‘हा कोणाचा जोडीदार’ असं विचारून पाहा. प्रत्येकाने डावीकडच्यालाही धरलं आहे आणि उजवीकडच्यालाही. जोड्या पाडताच येत नाहीत.

बेंझीनमधला प्रत्येक कार्बन तीन हात नेहमीसारखे वापरतो, दोन शेजारच्या कार्बनना आणि एक हायड्रोजनला. चौथ्या हाताचा एक इलेक्ट्रॉन शिल्लक राहतो. त्याची वावरण्याची जागा कड्याच्या पातळीत नसते; ती कड्याच्या वर आणि खाली असते. असे सहा कार्बनचे सहा इलेक्ट्रॉन. ते दोन-दोनच्या तीन जोड्या करून कुठल्या बाजूला बसत नाहीत. सहाच्या सहा अख्ख्या कड्यावर पसरतात. सहा जणांची ही सामाईक मिळकत आहे, वाटणी न झालेली.

तारप्याचं चित्र इथवर चालतं आणि मग एका ठिकाणी अडतं, आणि अडतं तिथेच ते जास्त शिकवतं. चित्रातली साखळी बहुधा भोवऱ्यासारखी असते. तिला सुटं टोक असतं. सहा कार्बनची अशीच सुटी साखळी रसायनशास्त्रातही आहे, हेक्झाट्राइन नावाची. तिच्यातही एकाआड एक तीन दुहेरी बंध आहेत आणि सहा शिल्लक इलेक्ट्रॉन आहेत. पण टोकं मोकळी. तिथे बंध लांब-आखूडच राहतात आणि ब्रोमीन ती लगेच गिळते. शेवटच्या नाचणाऱ्याने पहिल्याचा हात धरला, की मगच बेंझीन.

ही मिळकत किती मोलाची, तेही मोजता येतं. एकच दुहेरी बंध असलेल्या सहा कार्बनच्या कड्याला हायड्रोजन पाजला तर ठराविक मापाला सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दुहेरी बंध असतील तर तिप्पट, म्हणजे ३६० पडायला हवी. बेंझीनमधून पडते २०८. मधली सुमारे १५० किलोज्यूल या रेणूकडे नव्हतीच; तो मुळातच तेवढा खाली, तेवढा स्वस्थ बसलेला होता. ब्रोमीनला तो दाद देत नाही ते यामुळे. कडं मोडायचं तर आधी ही किंमत मोजावी लागते.

मग कड्यात कितीही इलेक्ट्रॉन फिरले तरी अशीच चैन होते का? नाही. हा या विषयातला सगळ्यात देखणा भाग आहे, आणि परीक्षेत तो सगळ्यात रूक्ष करून विचारला जातो. १९३१ मध्ये एरिख ह्युकेलने गणिताने दाखवलं की कड्यातल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठराविक मजल्यांवरच राहता येतं. तळमजल्यावर एकच खोली. त्यावरच्या मजल्यांवर दोन-दोन खोल्या. एका खोलीत फार तर दोघं. आता इमारत भरत जा. तळमजला भरला की दोन. पहिला मजला भरला की सहा. दुसरा भरला की दहा, मग चौदा, मग अठरा. मजला पुरा भरलेला असेल तर घर शांत. पण चार इलेक्ट्रॉन असले तर? दोघं तळाला, आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकेकटा. आठ असले तरी तीच अर्धवट अवस्था. चाराने भागल्यावर दोन उरतात अशी संख्या शुभ. चाराने पूर्ण भाग जातो ती अशुभ. पंचांगात शोभेल असा हा नियम, पण भाकित वर्तवण्यात पंचांगापेक्षा बराच सरस.

नियमाच्याही आधी, १९११ मध्ये, रिचर्ड विल्श्टेटरने मोठ्या मेहनतीने आठ कार्बनचं कडं तयार केलं होतं. सुरुवात केली ती डाळिंबाच्या झाडाच्या सालीत सापडणाऱ्या एका द्रव्यापासून. सहाचं कडं इतकं स्वस्थ, तर आठाचंही असेल अशी अपेक्षा होती. निघालं ते अगदी उलट. ब्रोमीन त्याने सहज खाल्लं. पुढे कळलं की ते सपाटसुद्धा नाही. न्हाणीघरातल्या टबासारखं वाकलेलं आहे. सपाट राहिलं तर आठ इलेक्ट्रॉनांची अर्धवट इमारत गळ्यात पडते, म्हणून ते वाकून त्यातून अंग काढून घेतं. चार कार्बनच्या कड्याला वाकायलाही वाव नाही, आणि म्हणून ते इतकं अस्वस्थ की अतिथंड वातावरणात कोंडून ठेवल्याशिवाय टिकतच नाही. अशा रेणूंना ‘अँटिॲरोमॅटिक’ म्हणतात. कोणाला त्यांच्या नादी लागावंसं वाटेल? पण पुण्याच्या आयसर संस्थेत व्ही. जी. आनंद यांच्या गटाने नेमका हाच नाद घेतला आणि वीस इलेक्ट्रॉनांची, नियमाने ‘अशुभ’, तरीही बाटलीत टिकणारी मोठी कडी घडवली.

उलट बाजूचंही एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. सात कार्बनच्या कड्यातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की सहा उरतात. काढल्यावर रेणूवर धन प्रभार येतो, आणि कार्बनवरचा असा प्रभार एरवी पाण्यात क्षणभर तग धरत नाही. पण १९५४ मध्ये डोअरिंग आणि नॉक्स यांनी सात कार्बनच्या या कड्याचं ब्रोमीनसोबत पिवळं मीठ करून दाखवलं. मीठ, अगदी मिठासारखं पाण्यात विरघळणारं. सहाचा आकडा जमवण्यासाठी निसर्ग काय काय चालवून घेतो, ते यातून दिसतं.

तर एवढंच पाहायचं. रेणूत कडं बंद आहे का, ते सपाट आहे का, कड्यातला प्रत्येक अणू या सामाईक मिळकतीत सामील आहे का, आणि इलेक्ट्रॉनांची मोजदाद दोन, सहा, दहा, चौदा या रांगेत बसते का. वासाचा प्रश्न कुठेच येत नाही.

हा चष्मा लावून डहाणूच्या बाजारातून एक फेरी मारली तर मजा येते. बर्फात मासळी भरून मुंबईला जाते ते थर्माकोलचे डबे म्हणजे कार्बनच्या लांब दोऱ्यावर टांगलेले बेंझीनचे षटकोन. त्यातल्या ‘स्टायरीन’चं नावही स्टोरॅक्स नावाच्या एका सुगंधी राळेवरून आलेलं. नायलॉनच्या जाळ्यात मात्र कडं नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत आहे. वारली चित्राच्या गेरूत नाही, तो लोखंडाचा गंज. पांढऱ्या तांदळाच्या पिठातल्या पिष्टाला कडी आहेत, पण सामाईक इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून ती ॲरोमॅटिक नव्हेत. कच्च्या चिकूने जीभ ओढल्यासारखी होते ती टॅनिनमुळे, आणि टॅनिन म्हणजे कड्यांचा घोसच. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू पिकला की जो वास सुटतो, त्यात बेंझोइक आम्लाचे नातेवाईक असतात, म्हणजे उदाचेच. चिकूच्या पानाची हिरवाई आणि खाणाऱ्याच्या रक्ताची लाली, दोन्हींच्या केंद्राशी अठरा इलेक्ट्रॉनांची मोठी ॲरोमॅटिक कडी आहेत. एकीच्या मधोमध मॅग्नेशियम, दुसरीच्या लोखंड.

सगळ्यात लबाड उदाहरण इंडोलचं. दोन कडी एकमेकांना चिकटलेली, दहा इलेक्ट्रॉन, नाव पुन्हा निळीवरून. शिळ्या कोळंबीत ते तयार होतं. कोळंबी नासली आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळेत इंडोल मोजतात. आणि मोगऱ्याच्या वासातही थोडंसं इंडोल असतं. रेणू एकच, गजरा आणि सडकी कोळंबी असे दोन संसार. वासावरून कुळ ठरवणं किती भरवशाचं, ते याहून वेगळं सांगायला नको.

वाढवण-वरोर-चिंचणी पट्ट्यात ‘डाय’ हा शब्द ऐकू आला तर तो रंगाचा समजू नये. इथे डाय म्हणजे दागिन्यांचे साचे; ते कोरणारे डायमेकर गावोगावी आहेत. दुसरा ‘डाय’, रंगाचा, काही मैल दक्षिणेला बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत भेटतो. रंग, रंगांसाठी लागणारी मधली द्रव्यं आणि औषधं हा तिथला मोठा व्यवसाय, आणि हा सगळा कारभार बेंझीन, नॅप्थलिन, ॲनिलीन यांच्या कड्यांवर उभा आहे. बेंझीन स्वतः बिनरंगी असतं. पण दोन कड्यांच्या मध्ये नायट्रोजनचे दोन अणू पुलासारखे टाकले की इलेक्ट्रॉनांचं आवार वाढतं, डोळ्याला दिसणारा प्रकाश त्यात अडकायला लागतो आणि पिवळे, नारिंगी, लाल रंग हाती येतात.

या धंद्याला लागणारी विद्या महाराष्ट्रात आली तिची एक सरळ रेघ काढता येते. कड्यातल्या सहा इलेक्ट्रॉनांचा ‘षट्क’ हा विचार रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२५ मध्ये मांडला आणि षटकोनात वर्तुळ काढायची पद्धत तिथून सुरू झाली. मँचेस्टरला रॉबिन्सनांच्या हाताखाली कृष्णसामी वेंकटरामन शिकले. ते माटुंग्याला, १९३३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, १९३८ मध्ये त्याचे प्रमुख झाले, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघत गेला आणि जगभरच्या रंगतज्ज्ञांच्या टेबलावर राहिला. त्यांचे विद्यार्थी बाळ दत्तात्रेय टिळक १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. माटुंग्यातून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी मुंबई ते वापी पट्ट्यातले कारखाने चालवले. त्यांतल्या कितीतरी जणांनी वहीत काढलेल्या षटकोनातलं ते वर्तुळ रॉबिन्सन-वेंकटरामन यांच्याच वाटेने आलेलं होतं.

या स्वस्थपणाची दुसरी बाजू ओढ्यानाल्यांत दिसते. कपड्यावरचा रंग उन्हाने, साबणाने उडू नये म्हणून जी कडी पक्की हवी असतात, तीच सांडपाण्यातून खाडीत उतरली की जिवाणूंना सहज पचत नाहीत. साखर, पिष्ट, मासळीचं पाणी ते झटपट फस्त करतात. कडं फोडायचं तर त्यावर ऑक्सिजन बसवणारी खास विकरं लागतात, वेळ लागतो, पाण्यात भरपूर हवा लागते. कड्यावर क्लोरीन किंवा नायट्रो गट बसवलेला असेल तर आणखी अवघड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या क्रमवारीत तारापूर देशातला सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरलं. त्याला कारभारातली कारणं आहेतच आणि ती आधी विचारली पाहिजेत. पण रसायनाची ही चिवट बाजू त्यांच्या जोडीला आहे. वापरून झाल्यावर निसर्गात विरून जाईल असा पक्का रंग अजून स्वस्तात बनत नाही.

माणसाच्या शरीरालाही हीच अडचण येते. बेंझीनसारखं तेलकट कडं पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीवाटे थेट टाकता येत नाही. यकृत त्यावर ऑक्सिजन चढवून त्याला विरघळतं करू पाहतं. या खटाटोपात मधल्या टप्प्यावर जी द्रव्यं तयार होतात ती मूळ पदार्थापेक्षा घातक असतात. बेंझीनच्या सततच्या संपर्काने रक्ताचा कर्करोग होतो तो या वाटेने. म्हणून भारतात आज पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्याहून जास्त चालत नाही. लाकूड-कोळशाच्या धुरात पाच कड्यांचं बेंझोपायरीन असतं. शरीराने त्याच्यावर असेच संस्कार केले की ते थेट डीएनएला जाऊन चिकटतं. चुलीच्या धुराबद्दल आरोग्य केंद्रातून जे सांगितलं जातं, त्यामागे डोळे चुरचुरण्यापलीकडची ही गोष्ट आहे.

आणि एक कडं प्रत्येकाच्या कपाटात आहे. डांबरगोळी. मराठीने या वस्तूला दिलेलं नाव पाश्चात्त्य नावापेक्षा जास्त खरं आहे, कारण नॅप्थलिन आधी सापडलं ते दगडी कोळशाच्या डांबरातच. दोन षटकोन पाठीला पाठ लावून, दहा इलेक्ट्रॉन; वास उग्र, म्हणजे इथे नाव आणि गुण एकदाचे जुळले. गोळी न वितळता हळूहळू हवेत उडून जाते आणि साड्यांच्या घड्यांत मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. नॅप्थलिन मोडताना शरीरात जे पदार्थ होतात ते अशा बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात आणि कावीळ वाढते. त्यामुळे आजीच्या ट्रंकेतली मऊ जुनी दुपटी बाळासाठी काढायची असतील तर ती आधी स्वच्छ धुवावीत, दोन-चार दिवस उन्हात टाकावीत, आणि डांबरगोळीचा वास पूर्ण गेल्याशिवाय त्यांत बाळ गुंडाळू नये. बाळाच्या कपड्यांच्या कप्प्यात तर ही गोळी ठेवूच नये.